उणे चार दशांश

हियुमा बेटावर, कार्डला गावात
वाचनालय सहाला बंद होतं.
मागच्या खोलीत हेल्वे अजून बसलेली,
हीटरवर मोजे वाळत घातलेले,
समोर एंडेलचा प्रोग्राम.
समुद्र गोठला की बर्फ किती जाड,
त्यावरून गाडी जाईल की नाही,
एवढंच सांगतो तो. अकरा वर्षं सांगतोय.
कसं सांगतो, हे मात्र एंडेलच्या डोक्यात,
आणि एंडेलचं डोकं हल्ली
कपाटाच्या किल्ल्या फ्रिजमध्ये ठेवतं.

म्हणून ही पानं.
साध्या मजकुराच्या फायली,
मथळ्याआधी एक हॅश, यादीला आडवी रेघ.
बसवायचं कसं.
संवेदक जोडायचे कसे.
चुकलं तर काय.
हे तिसरं पान सगळ्यांत लांब झालं.

भाचा म्हणाला, मावशी, एवढीशीच साइट?
डेटाबेस नाही, लॉगिन नाही?
पाहुणा दारात आल्यावर चूल पेटवायची
ती तऱ्हा वेगळी, हेल्वे म्हणाली.
ही शिदोरी.
एकदाच रांधायची, फडक्यात बांधायची,
ज्याला भूक लागेल त्याने गाठ सोडावी.
मागे कुणी जागत बसायला नको.

अडली ती एका ओळीपाशी.
तापमानातून वजा चार दशांश.
का? शेजारी एंडेलची टीप,
"हे काढू नका."
बस्स.

रविवारी ती वृद्धाश्रमात गेली,
धुरावलेला मासा कागदात गुंडाळून.
त्याने आधी तिला तिच्या आईच्या नावाने हाक मारली.
मग आकडा ऐकला
आणि त्याचे डोळे एकदम जागेवर आले.
"बंदरावरचा संवेदक. हेइनोच्या होडीघराच्या भिंतीवर.
आत त्याची शेगडी. भिंत ऊब धरते.
तेवढी वजा करायला नको?"
थोडं थांबून,
"हेइनो बरा आहे ना?"

हेइनो जाऊन सहा वर्षं झाली होती.
शेगडी तेव्हापासून थंड,
आणि नसलेली ऊब प्रोग्राम
रोज रात्री इमानेइतबारे वजा करत होता,
बर्फ होता त्याहून जाड सांगत होता.
नशीब, त्या सहा हिवाळ्यांत
रस्ता एकदाही उघडला नव्हता.

हेल्वेने आकडा काढला.
पण तो का होता, ते लिहिलं, पूर्ण पान.

पहिली बांधणी फसली,
एका अपूर्णविरामानंतर जागा सुटली नव्हती म्हणून.
दुसऱ्या वेळी सतरा दुवे तुटलेले निघाले.
सोळा तिने जोडले.
सतरावा एंडेलच्या जुन्या पानाकडे जायचा,
ते पानच आता कुठे नाही.
तिथे तिने नुसतं त्याचं नाव ठेवलं,
दाबलं तर कुठेच न जाणारं.
असाही दुवा देता येतो.

मग एक आज्ञा, चाळीस सेकंद,
आणि पानं वर गेली.
जागा फुकट.
कुठल्या देशात, कुणाच्या थंडगार खोलीत,
तिला ठाऊक नाही.
फुकट ते पौष्टिक खरं,
पण फुकटच्या ओसरीवरून
कधी उठवतील याचा नेम नसतो.
म्हणून एक प्रत पेनड्राइव्हवर,
एक कागदावर छापून, दोरा ओवून,
वाचनालयाच्या कपाटात,
जाळी विणण्याच्या पुस्तकाशेजारी.

मार्चमध्ये कुणा अनोळखी माणसाने,
कुठल्याशा फिनिश तळ्याकाठून,
शुद्धलेखनाची एक चूक दुरुस्त करून पाठवली.
म्हणजे कुणीतरी खालपर्यंत वाचलं होतं.
तिथे, तळाशी, बारीक अक्षरांत आहे:
काम कुणाचं?
एंडेल, हेल्वे,
आणि हेइनोची शेगडी.

तिने चूक स्वीकारली, पुन्हा चाळीस सेकंद.
खिडकीबाहेर समुद्र
यंदाही मोकळाच, हलत होता.